टेलिग्राफवाल्या वेबरने तपासलेला गुडघा

एसीएल फाटलं आणि खेळाडू अख्खा सीझन बाहेर, ही बातमी तुमच्या फीडमध्ये येतच असते. हे एसीएल गुडघ्यात नेमकं करतं काय, हे कापून तपासणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत एक फिजिक्सवाला होता: विल्हेल्म वेबर. हो, चुंबकीय फ्लक्सचं एकक ज्याच्या नावाने आहे, तोच!

जन्म १८०४ चा, जर्मनीतल्या विटेनबर्गचा. १८३१ मध्ये तो ग्योटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाला. १८३३ मध्ये त्याने गणितज्ञ गाऊसबरोबर शहराच्या छपरांवरून साधारण एक किलोमीटर तार ओढून टेलिग्राफ चालवला. सुई डावीकडे हलली की उजवीकडे, त्यावरून अक्षर ओळखायचं. आपल्या चॅटिंगचा पणजोबाच म्हणा.

धाकटा भाऊ एदुआर्द शरीररचनेचा अभ्यासक. माणूस चालतो कसा, हे दोघांनी एखादं यंत्र तपासावं तसं तपासलं आणि १८३६ मध्ये पुस्तक काढलं. गुडघा त्यातला खरा अवघड भाग. खुब्यात हाडाचा गोळा खोल खोबणीत बसतो. गुडघ्यात तसा आधारच नाही. मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर नुसती टेकलेली असतात. पाय वाकवताना ती चाकासारखी फक्त घरंगळली, तर मागच्या कडेवरून खालीच उतरतील, कारण माथा तेवढा लांब नाही. म्हणून ती घरंगळतात आणि सोबत घसरतातही. यावर लगाम ठेवतात ती आत फुलीसारखी एकमेकांना छेदणारी दोन लिगामेंट्स. मृतदेहाच्या गुडघ्यातलं पुढचं, म्हणजे एसीएल, कापल्यावर नडगी पुढेमागे नको तेवढी सरकते, हे वेबर बंधूंनी नोंदवलं. एसीएल नडगीला पुढे जाऊ देत नाही, मागचं लिगामेंट तिला मागे जाऊ देत नाही. आजही डॉक्टर गुडघा वाकवून नडगी पुढे ओढून बघतात ना, ते याचसाठी.

चालताना पाय लंबकासारखा आपोआप झुलतो, हा त्यांचा दावा मात्र पुढे टिकला नाही. स्नायूंना त्यांनी फारच कमी काम दिलं होतं.

पुस्तक आलं आणि वर्षभरात नोकरी गेली. १८३७ मध्ये हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा लेखी निषेध करणाऱ्या सात प्राध्यापकांत वेबर होता. विद्यापीठातली पुढची जागा मिळाली ती थेट १८४३ मध्ये, लाइपझिगला. १८४९ मध्ये तो ग्योटिंगेनला परतला आणि १८९१ मध्ये तिथेच वारला.