वसंत रामजी खानोलकर

वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होते. त्वचेचा समजला जाणारा कुष्ठरोग हा मुळात चेतातंतूंचाही रोग आहे, ही जाण दृढ करण्यात त्यांच्या संशोधनाचा वाटा आहे.

त्यांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळवली. मुंबईत अध्यापन केल्यानंतर ते टाटा मेमोरियल रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले.

आरंभीच्या चट्ट्यांतील ऊती तपासून, कुष्ठजंतू त्वचेतील चेतातंतूंच्या टोकांतून शिरतात व तंतूंच्या आतून वर सरकतात, असे मत त्यांनी मांडले. जंतू मुख्यतः तंतूंभोवतीच्या आवरणपेशींत वाढतात, असे पुढे दिसून आले. चेतातंतूंचे महत्त्व मात्र कायम राहिले. वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचला नाही, तर रायगड किनाऱ्यावर जाळे ओढणाऱ्या कोळ्याला दोराने हात सोलवटल्याचेही कळत नाही. अशा दुर्लक्षित जखमा चिघळून बोटे झिजतात. चट्ट्याची बधिरता ओळखून वेळीच उपचार केल्यास हे व्यंग टाळता येते.

खानोलकरांना १९५५ मध्ये पद्मभूषण पुरस्कार मिळाला. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.