धुराच्या परीक्षेतला फ्रेंच माणूस

कॅलिफोर्नियात 1976 किंवा त्यानंतर बनलेली जुनी पेट्रोल गाडी बाळगायची, तर तिला दर दोन वर्षांनी धुराच्या परीक्षेला बसवावे लागते. आपल्या पीयूसीसारखेच, पण बरेच कडक. आपल्याकडे गाडी उभी ठेवून सायलेन्सरच्या तोंडात नळी घालतात आणि दोन मिनिटांत कागद हातात येतो. तिथे जास्त प्रदूषण असलेल्या शहरी भागांत 1999 पर्यंतच्या गाड्यांची चाके रोलरवर चढवून त्या ताशी सुमारे 24 आणि 40 किलोमीटर वेगाने पळवतात आणि धुरातले न जळलेले इंधन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतात. शिवाय तपासनीस बॉनेट उघडून आणि गाडीखाली वाकून मूळचे सुटे भाग जागेवर आहेत का, हेही पाहतो.

हौसेने गाडीत फेरफार करणारे लोक इथेच अडकतात. कोणी कॅमशाफ्ट बदललेला असतो, कोणी कार्ब्युरेटर मोठा बसवलेला असतो, कोणी आख्खे इंजिनच दुसरे टाकलेले असते. आणि बहुतेकांनी सर्वांत आधी काढून फेकलेली वस्तू म्हणजे गाडीखालचा तो डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धुराची वाट मोकळी झाली की इंजिनाला जोर येतो, अशी समजूत. गंमत अशी, की ज्यांनी हा डबा गाडीला लावण्याचा ध्यास घेतला, ते स्वतः शर्यतीच्या गाड्यांचे वेडे होते.

यूजीन उद्री यांचा जन्म 18 एप्रिल 1892 रोजी पॅरिसजवळच्या दोमाँ गावी झाला. वडिलांचा पोलादी बांधकामाचा कारखाना होता. यूजीन यंत्र अभियांत्रिकी शिकले, 1911 मध्ये वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि घरच्या धंद्यात शिरले. मग पहिले महायुद्ध आले. ते रणगाडा दलात होते. 1917 मध्ये जुव्हँकूरच्या लढाईत गोळीबारात बंद पडलेले रणगाडे दुरुस्त करवून घेताना ते जबर जखमी झाले आणि शौर्यपदक मिळवून परतले. युद्धानंतर त्यांचे मन पोलादात रमेना. 1922 मध्ये ते अमेरिकेला गेले, फोर्डचा कारखाना पाहिला आणि इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यतही पाहिली. इंजिने कितीही सुधारली तरी पेट्रोलच हलके असेल तर उपयोग काय, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला.

पहिला प्रयत्न फसला. फ्रान्समध्ये खनिज तेल नव्हते, म्हणून लिग्नाइट या हलक्या प्रतीच्या कोळशापासून पेट्रोल काढायचा घाट त्यांनी घातला. सरकारच्या मदतीने 1929 मध्ये कारखाना उभा राहिला, पण हिशेब काही जुळेना आणि तो बंद करावा लागला. एव्हाना उद्री यांच्या हाती दुसरेच काही लागले होते. जड, चिकट तेलाची वाफ विशिष्ट प्रकारच्या मातीवरून नेली की तेलाचे मोठे रेणू तुटतात आणि उत्तम पेट्रोल मिळते. माती स्वतः संपत नाही, ती फक्त काम घडवून आणते. म्हणजेच ती उत्प्रेरक. अडचण एकच, थोड्याच वेळात तिच्यावर काजळी साचते आणि ती निकामी होते. यावर उद्री यांचा उपाय साधा होता. हवा सोडून ती काजळी जाळायची, माती पुन्हा ताजी करायची आणि त्या जळण्याची उष्णताही कामाला लावायची.

फ्रान्समध्ये गिऱ्हाईक मिळाले नाही. 1930 मध्ये एका अमेरिकी तेल कंपनीच्या बोलावण्यावरून ते तिकडे गेले आणि 1937 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हुक इथे सन ऑइलचा मोठा कारखाना या पद्धतीने चालू झाला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांना लागणारे उच्च ऑक्टेनचे पेट्रोल बनवण्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता. इकडे फ्रान्स जर्मनीपुढे झुकला होता. अमेरिकेत बसून उद्री यांनी द गॉल यांची बाजू उघडपणे उचलून धरली, तेव्हा व्हिशीच्या सरकारने 1941 मध्ये त्यांचे नागरिकत्वच काढून घेतले. पुढच्या वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले.

इथे थांबले असते तरी तेलशुद्धीच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले असते. पण माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग साठीच्या उंबरठ्यावर सुरू झाला. लॉस एंजेलिसमध्ये लोकांचे डोळे झोंबत होते, पिके करपत होती आणि हे सगळे नेमके कशाने होते यावर वाद चालला होता. आरी हागेन-श्मिट या रसायनशास्त्रज्ञाने 1950 च्या सुमारास दाखवून दिले, की न जळलेले इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर कडक ऊन पडले की ओझोन आणि इतर झोंबरी द्रव्ये तयार होतात. बोट थेट मोटारींकडे वळले. उद्री अस्वस्थ झाले. फुप्फुसाच्या कर्करोगाशी या धुराचा संबंध असावा, ही शंका त्यांना छळत होती. अधिक पेट्रोल, अधिक चांगले पेट्रोल यासाठी आयुष्य घालवलेला हा माणूस आता त्याच पेट्रोलच्या धुरामागे लागला.

त्यांनी ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढली आणि जुनीच युक्ती उलटी वापरली. मातीवरची काजळी ते हवेने जाळत असत. आता इंजिनातून अर्धवट जळून आलेला धूर उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर पूर्ण जाळायचा होता. चिनीमातीच्या कांड्यांवर प्लॅटिनमचा पातळ थर द्यायचा आणि धूर त्यांच्यामधून जाऊ द्यायचा. प्लॅटिनम खर्च होत नाही, पण त्याच्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि उरलेल्या इंधनाचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, हे लक्षात घेतले म्हणजे बंद जागेत या डब्याचे मोल कळते. 1956 मध्ये पेटंट मिळाले. गोदामांतल्या माल उचलणाऱ्या गाड्यांना आणि खाणींतल्या यंत्रांना हे डबे बसले आणि तिथल्या कामगारांना श्वास घेणे सुसह्य झाले.

रस्त्यावरच्या मोटारींना मात्र ते बसले नाहीत. कारण पेट्रोलमध्ये शिसे होते. इंजिनाची ठोठो थांबावी म्हणून 1923 पासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत होते आणि ते धुराबरोबर येऊन प्लॅटिनमवर बसले की उत्प्रेरक मरतो. काजळीसारखे ते जाळून काढता येत नाही. उद्री यांच्या हातात उपाय होता, पण तो चालण्यासाठी सगळ्या देशाचे पेट्रोल बदलायला हवे होते. ते एकट्याच्या आवाक्यातले नव्हते. 18 जुलै 1962 रोजी, सत्तरी गाठल्यावर काही महिन्यांतच, ते गेले.

पुढे 1970 चा स्वच्छ हवा कायदा झाला आणि 1975 च्या बहुतेक अमेरिकी गाड्या कन्व्हर्टर घेऊनच बाहेर पडल्या. त्यांच्यासाठी बिनशिशाचे पेट्रोल पंपावर आणावे लागले. शिसे हटवण्याचे एक मोठे कारण माणसे नव्हेत, तर हा डबा होता, ही जरा लाजिरवाणी गोष्ट. फायदा मात्र माणसांचा झाला. 1976 ते 1980 या काळात अमेरिकनांच्या रक्तातले शिशाचे सरासरी प्रमाण सुमारे 37 टक्क्यांनी घटले. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आला तो 1995 मध्ये, आणि देशभर बिनशिशाचे पेट्रोल 2000 मध्ये.

आता पुन्हा त्या फेरफार केलेल्या गाडीकडे. ती पास व्हायची तर काय लागते? आधी डबा जागेवर हवा. बाहेरचा कुठलाही भाग लावला असेल तर त्यावर कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाच्या मंजुरीचा क्रमांक लागतो. इंजिन बदलले असेल तर ते गाडीच्याच सालचे किंवा नंतरचे आणि आपल्या सगळ्या धूर-नियंत्रण यंत्रणेसह आलेले हवे. मग गाडी चांगली पंधरा-वीस मिनिटे पळवून गरम करून न्यायची, कारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसखाली उत्प्रेरक जागा होत नाही. थंड गाडी नेऊन नापास झालेले कमी नाहीत. मोठ्या कॅमशाफ्टमुळे कमी वेगात इंधन न जळताच बाहेर पडते, आणि एखादा स्पार्क प्लग चुकत असेल तर ते सगळे डब्यात जाऊन जळते, डबा लालबुंद होऊन आतून वितळतो. म्हणून आधी प्लग, वायरी, एअर फिल्टर पाहायचे आणि नवा डबा सर्वांत शेवटी घ्यायचा. पाइपला भोक असेल तर बाहेरची हवा आत जाते, ऑक्सिजन सेन्सर फसतो आणि इंजिनाला उगीचच जास्त इंधन मिळत राहते. नायट्रोजनचे ऑक्साइड वाढले असतील तर थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह तुंबला आहे का ते पाहायचे.

तपासनीस आणखी एक जागा पाहत असे, पेट्रोल भरायचे तोंड. कन्व्हर्टरच्या गाड्यांचे तोंड मुद्दाम अरुंद केलेले असे, म्हणजे शिसेवाल्या पेट्रोलची जाड नळी आत शिरू नये. शिसेवाले पेट्रोल थोडे स्वस्त मिळे, म्हणून काही जण स्क्रू-ड्रायव्हर घालून ते तोंड रुंद करत. अशा काही टाक्या भरल्या की गाडी दिसायला तशीच असे, डबाही जागेवर असे, पण आतला प्लॅटिनम मेलेला असे. मीटर ते लगेच दाखवी.