काळा रंग आणि अल-जाहिझ

आपल्या घरांत मुलाच्या, विशेषतः मुलीच्या रंगाची चर्चा तुम्ही ऐकली असेलच. साडेअकराशे वर्षांपूर्वी या प्रश्नावर एका थोर अरबी लेखकाने प्राणिसृष्टीतून उत्तर शोधले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

इराकमधील बसरा शहरी इ. स. ७७६ च्या सुमारास गरीब घरात अम्र बिन बहर यांचा जन्म झाला. आजोबा कृष्णवर्णीय होते व उंट हाकीत असत, असे सांगतात. डोळे बटबटीत, म्हणून लोकांनी नाव पाडले अल-जाहिझ. कालव्याकाठी पाव व मासळी विकून पोट भरायचे आणि ग्रंथविक्रेत्याचे दुकान भाड्याने घेऊन आत वाचीत बसायचे, असा त्यांचा क्रम होता. पुढे त्यांनी प्राण्यांवर सात खंडांचा ‘किताब-उल-हयवान’ लिहिला.

काळा रंग ही ईश्वराची शिक्षा आहे, असे तेव्हा काही लोक मानीत. अल-जाहिझ यांनी एका स्वतंत्र निबंधात हे मत खोडून काढले. अरबस्तानात बनू सुलैम टोळीच्या मुलखात ज्वालामुखीच्या काळ्या दगडांचे माळ आहेत. तेथील माणसेच नव्हे, तर हरणे, शहामृग, कोल्हे, किडेसुद्धा काळे असतात, असे त्यांनी लिहिले. गवतावरची अळी हिरवी. उवा काळ्या केसांत काळ्या, पिकल्या केसांत पांढऱ्या, रंगविलेल्या केसांत तांबूस! एवढ्या मोठ्या पंडिताला उवांकडे पाहण्याचा कमीपणा वाटला नाही, हे मला फार आवडते. रंग हा भूमी, पाणी व ऊन यांचा परिणाम आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

काही जण त्यांना डार्विनच्या आधीचा डार्विन म्हणतात. ही अतिशयोक्ती होय. दगड प्राण्याला रंगवीत नाही. काळ्या खडकावर फिकट उंदीर घुबडाला चटकन दिसतो व मारला जातो. गडद उंदीर वाचतो आणि त्याची पिल्ले वाढतात. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या लाव्हा खडकांवर असे गडद उंदीर आहेत. त्यांच्या रंगामागचे जनुक २००३ साली उजेडात आले. माणसाच्या कातडीचा रंग मात्र मुख्यतः उन्हाच्या तीव्रतेनुसार पिढ्यान् पिढ्या घडत गेला. कारण चुकले, तरी शिक्षेची कल्पना नाकारून निसर्गात कारण शोधण्याची त्यांची दिशा बरोबर होती.

खलिफा मुतवक्किल यांनी मुलांना शिकविण्यासाठी त्यांना बोलावले आणि चेहरा पाहताच दहा हजार दिरहम देऊन परत पाठविले, अशी हकीकत आहे. म्हातारपणी अर्धांगवायूने जखडलेले अल-जाहिझ बसऱ्यास परतले. तेथेच इ. स. ८६८-६९ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले.