मागे राहिलेले घर : रमाबाई आंबेडकर

दरसाल निकालाचे दिवस आले की आपल्या मंडळात एकच विषय निघतो. मुलगा हुशार आहे, मुलगी तर त्याहून हुशार आहे. पण पुढे शिकवायचे कसे आणि पैसा आणायचा कोठून? कोणी वहीत फीचा आकडा मांडते, कोणी खोलीच्या भाड्याचा. शिकणारा बाहेरगावी गेल्यावर मागचे घर कसे चालेल, हा रकाना मात्र बहुधा कोराच राहतो. तो रकाना जिने स्वतः झिजून भरला, त्या रमाबाई आंबेडकर यांचे चरित्र म्हणून आज भगिनींपुढे ठेवीत आहे.

रमाबाईंचा जन्म कोकणात दापोलीजवळच्या वणंद गावी १८९८ साली झाला. वडील भिकू धोत्रे हे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि ही मुले मुंबईस काकामामांच्या आश्रयास आली. शाळेचे सुख त्यांच्या वाट्यास आले नाही. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, त्यांचे लग्न लागले. नवरी आठनऊ वर्षांची आणि नवरा भीमराव हायस्कुलात शिकणारा.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. वडील रामजी सुभेदार निवृत्त लष्करी शिक्षक. पेन्शन तुटपुंजे, घर मोठे. मुलाला कॉलेजात घालण्याची हौस होती, पण काही काळाने खर्च झेपेना. तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर या गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके वाचावयास दिली. अशा अनेकांच्या हातभाराने १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रमाबाईंच्या पोटी यशवंताचा जन्म झाला.

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी सुभेदार वारले. घरचा कर्ता पुरुष गेला, आणि त्याच वर्षी महाराजांनी भीमरावांना अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. अट अशी की, शिक्षण संपल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करावी. आपल्या बीडच्या भगिनींना ऊसतोडीची उचल ठाऊक आहे. हातात आलेल्या पैशामागे पुढच्या दिवसांचे बंधन असते, हे त्यांना कोणी समजावून सांगावयास नको. ही अट सन्मानाची होती, तरी बंधनच होते.

त्या जुलैत भीमराव अमेरिकेस पोहोचले. मागे पंधरा वर्षांची रमाबाई आणि मांडीवर सहासात महिन्यांचे मूल. तिकडे कोलंबिया विद्यापीठात भीमराव अठरा अठरा तास वाचीत होते, आपल्या तुटपुंज्या रकमेतून घरी पैसे धाडीत होते; इकडे त्या पैशात ओढाताण करून रमाबाई घर चालवीत होत्या. त्यांनी गोवऱ्या थापून विकल्या असे जुनी माणसे सांगतात. १९१५ साली भीमराव एम. ए. झाले आणि १९१६ साली लंडनला पोहोचले. पण शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले.

अटीप्रमाणे ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परंतु इतक्या विद्वान माणसास अस्पृश्य म्हणून त्या शहरात राहावयास खोली मिळेना आणि कचेरीत मान मिळेना. अल्पावधीतच ते मुंबईस परतले. पदवीने पोट भरते, पण समाजाची दारे आपोआप उघडत नाहीत, हे त्या घराने तेव्हा अनुभवले.

यापुढची हकीकत विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९१८ च्या नोव्हेंबरात भीमरावांना सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार ४५० रुपये. कोणत्याही गृहिणीस वाटावे की आता चार दिवस सुखाचे आले. पण त्यांनी घरखर्चाची रक्कम ठरवून रमाबाईंच्या हाती द्यावी, बाकी लंडनसाठी शिल्लक टाकावी, असा क्रम चालला. पगार साडेचारशेचा आणि संसार गरिबाचाच! शिल्लक पुरी पडेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साह्य केले आणि नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. १९२० साली भीमराव पुन्हा निघाले. लंडनमध्ये अर्धपोटी राहून १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर आणि १९२३ साली डी. एस्सी. अशा पदव्या त्यांनी मिळविल्या.

या काळात रमाबाईंनी काय सोसले, त्याची पदवी कोणी देत नाही. त्यांना पाच अपत्ये झाली. यशवंताखेरीज चारही बालपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. पुढे दादरला राजगृह उभे राहिले, पुस्तकांनी भरले. परंतु तोवर त्यांचे शरीर खंगले होते. धारवाडच्या वसतिगृहातील मुले उपाशी आहेत असे कळताच त्यांनी हातातील बांगड्या काढून दिल्या, अशी आठवण सांगितली जाते. २७ मे १९३५ रोजी त्यांनी देह ठेवला. बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

१९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. बीडसारख्या जिल्ह्यातील गरिबाच्या मुलास उच्च शिक्षणाचे दार जवळ आले. ते पाहावयास रमाबाई नव्हत्या.

आज बीडला, अंबाजोगाईला महाविद्यालये आहेत. अटींत बसणाऱ्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या अनेक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासनाने माफ केले आहे. परंतु खोली, खाणावळ, एस. टी. आणि पुस्तके यांचा खर्च उरतोच. म्हणून भगिनींनो, या चरित्रातून चार गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. फीबरोबर मागच्या घराचा खर्च मांडावा. मदत घेताना अट नीट वाचावी. मदतीची मुदत मध्येच संपली तर काय, याचा विचार आधी करावा. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : भावाच्या शिक्षणासाठी बहिणीची शाळा सोडवू नये.

रमाबाईंनी दुसऱ्याच्या शिक्षणासाठी आपले आयुष्य वेचले. आपल्या घरात मात्र एकाच्या पदवीसाठी एकीने संपून जाऊ नये, एवढी काळजी आपण घेतली, तर त्या माउलीचे स्मरण सार्थकी लागेल.