गर्दीच्या मनाचा अभ्यासक : गुस्ताव्ह ल बाँ

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. मानसशास्त्राच्या तासाला समूहमनाचा विषय निघाला आणि गुस्ताव्ह ल बाँ हे नाव प्रथमच कानी पडले. पदवीनंतर फौजदार व्हावे अशी माझी मनीषा आहे, म्हणून त्याचे चरित्र आवडीने वाचले.

ल बाँचा जन्म ७ मे १८४१ रोजी फ्रान्समधील नोजाँ-ल-रोत्रू या गावी झाला. पॅरिसला त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले, पण दवाखाना काही थाटला नाही. त्याचा ओढा लेखनाकडे. १८७१ साली पॅरिस कम्यूनचा उठाव त्याने जवळून पाहिला. तुइलरीचा राजवाडा आगीत खाक झाला. त्या ज्वाळा त्याच्या मनात अखेरपर्यंत धुमसत राहिल्या असाव्यात. पुढे तो भारतातही येऊन गेला आणि १८८७ मध्ये भारतीय संस्कृतींवर त्याने ग्रंथ लिहिला.

१८९५ मध्ये समूहाच्या मानसशास्त्रावरील त्याचा ग्रंथ निघाला आणि त्याची कीर्ती जगभर पसरली. गर्दीत शिरताच माणसाचा विवेक सुटतो, भावना साथीच्या रोगासारखी पसरते आणि शहाणा माणूसही रानटी होतो, असा त्याचा सिद्धांत. १३ डिसेंबर १९३१ रोजी तो वारला. सिद्धांत मात्र मागे उरला.

तो वाचताना मला माझे वडील आठवले. एका जत्रेत दर्शनाच्या रांगेत मागून रेटा आला, पुढे दोरखंड होता. गोंधळ समजून बंदोबस्तावरच्या शिपायाने काठी चालवली. वडिलांचा खांदा महिनाभर दुखत होता. हमालाला खांदा म्हणजे भाकरी! त्याही रेट्यात त्यांनी एका अनोळखी पोराला डोक्यावर उचलून धरले होते. मग विवेक सुटला तो कोणाचा?

१५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर कुंपणाशी माणसे चिरडत असताना पोलिसांना आधी दंगाच दिसला. त्या दुर्घटनेत एकूण ९७ जीव गेले. प्रेक्षकांचा दोष नव्हता, हा निर्णय ज्यूरीने दिला तो २०१६ मध्ये. पोर्तुगालमध्ये २००४ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत मात्र पोलीस प्रेक्षकांशी आधी बोलले, शस्त्रसज्ज तुकड्या मागे ठेवल्या. जिथे ही रीत पाळली तिथे फारसा दंगा झाला नाही.

गर्दीलाही मन असते, हे ल बाँने शिकवले. त्याचे ऋण मी मानतो. परंतु त्याने गर्दी बाहेरून पाहिली, माझ्या वडिलांनी आतून. उद्या माझ्या हाती काठी आली, तर ती उगारण्याआधी समोर वडील उभे आहेत का, हे मी पाहीन.