टी-शर्टवर नसलेला पीटर टॉश

आमच्या गोव्यात किनाऱ्यावरच्या दुकानांत बॉब मार्लीचा चेहरा छापलेले टी-शर्ट हमखास टांगलेले असतात. त्याच्याच बँडमधला पीटर टॉश मात्र तिथं मला कधी दिसला नाही. खरं सांगायचं तर मला तोच जास्त जवळचा वाटतो.

त्याचं मूळ नाव विन्स्टन ह्युबर्ट मॅकिंटॉश. जन्म १९ ऑक्टोबर १९४४, जमैकाच्या वेस्टमोरलंड भागातला. आईवडिलांचा सहवास फारसा लाभला नाही, नातेवाइकांकडे वाढला. पोरवयातच तो किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत आला. तिथं मार्ली आणि बनी वेलर भेटले आणि 'वेलर्स' जमला. १९७३ साली त्यांच्या 'कॅच अ फायर' आणि 'बर्निन' या अल्बमनी रेगे जमैकाबाहेर नेलं. पुढच्याच वर्षी टॉश बाहेर पडला. १९७७ मध्ये त्याचा 'ईक्वल राइट्स' आला. त्याचं म्हणणं सरळ होतं: आधी न्याय द्या, मग शांततेचं बोला.

तेव्हा किंग्स्टनमध्ये दोन पक्षांच्या टोळ्या एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या. म्हणून २२ एप्रिल १९७८ रोजी शांततेसाठी मोठी मैफल झाली. मार्लीनं पंतप्रधान मायकेल मॅनली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सीगा यांना मंचावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. तो फोटो जगभर गाजला. पण त्याच संध्याकाळी, मार्लीच्या आधी, टॉशनं या दोघांच्या तोंडावर गरिबी आणि पोलिसांची दंडेली यावरून खडे बोल सुनावले होते. त्याचा फोटो कोण लावणार? सप्टेंबरात पोलिसांनी त्याला पकडून इतकं मारलं, की जीव जाता जाता वाचला.

आणि त्या हस्तांदोलनाचं काय झालं? १९८० च्या निवडणुकीच्या वर्षी जमैकात शेकडो माणसं मारली गेली.

टॉश काही संत नव्हता. तापट होता, फटकळ होता, गांजाचा उघड पुरस्कर्ता होता. ११ सप्टेंबर १९८७ रोजी पैशांसाठी घरात शिरलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. त्यांच्यातल्या एकाला त्यानं पूर्वी मदत केली होती. वय अवघं ४२. मृत्यूनंतर 'नो न्यूक्लियर वॉर'ला ग्रॅमी मिळालं, आणि २०१२ मध्ये जमैकानं त्याला 'ऑर्डर ऑफ मेरिट' दिला.

मार्लीचं गाणं मलाही आवडतं. पण भांडण मिटवा म्हणणारा सगळ्यांनाच हवा असतो. भांडण कशामुळे झालं ते विचारणारा नको असतो. टॉश ते विचारत राहिला, म्हणून त्याच्याविषयी लिहावंसं वाटलं.