पंडिता रमाबाई व मुक्तीतील हस्तव्यवसाय

माहूरच्या गडावर रेणुकेच्या व दत्ताच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू आमच्या वाचकांनी लहानपणापासून पाहिले आहेत. अशाच यात्रास्थळांच्या वाटेवर पंडिता रमाबाईंचे बालपण गेले. त्यांचा जन्म 1858 साली सह्याद्रीतील गंगामूळ नामक अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे थोर पंडित होते. त्यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. पुढे हे कुटुंब क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगत फिरू लागले. कन्येस सहस्रावधी श्लोक मुखोद्गत झाले.

मग दुष्काळ आला. 1874 ते 1877 या वर्षांत वडील, आई व वडील बहीण ही सर्व गेली. घरातील भांडी व दागिने विकून झाल्यावर या विद्वान कुटुंबाने रानातील पाला खाऊन दिवस काढले. त्यांची अडचण काय होती हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. शास्त्राखेरीज त्यांना काही येत नव्हते. मोलमजुरी करणे त्यांना कमीपणाचे वाटे आणि भीक मागण्याची लाज वाटे. ही गोष्ट बाईंनी स्वतःच पुढे निःसंकोचपणे लिहून ठेविली आहे. आमच्या मते त्यांच्या पुढील कार्याचे एक मूळ याच अनुभवात आहे.

1878 साली भावासह त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. भाऊ वारला, विवाह झाला, आणि 1882 साली पटकीने पतीही गेला. पदरी लहानगी मनोरमा होती. त्याच वर्षी पुण्यात हंटर कमिशनपुढे त्यांनी स्त्रियांस शिक्षिका व डॉक्टर करण्याची निकड सांगितली. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथून 1886 साली त्या अमेरिकेस गेल्या व फ्रोबेल यांची बालशिक्षणपद्धती शिकल्या. त्या पद्धतीत मूल माती मळते, कागदाच्या घड्या घालते, पट्ट्या विणते, आणि हाताबरोबर बुद्धीही चालू लागते.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. तेथे उच्चवर्णीय विधवांस आपले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती. तरीही 1893 साली धर्मांतराच्या शंकेने अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. बाईंची श्रद्धा लपून राहणारी नव्हती.

1896-97 च्या दुष्काळात बाई मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली घेऊन आल्या. 1900 साली गुजरातेतून आणखी आल्या. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदनात सुमारे 2,000 जणी झाल्या. इतक्यांस केवळ देणग्यांवर जगविणे कठीण. आणि जगविले तरी पुढे काय? म्हणून विहिरी खोदल्या, शेती केली, गाई पाळल्या. माग बसविले, तेलाचा घाणा लावला, शिवणकाम व छापखाना सुरू केला. अंध मुलींस ब्रेल लिपी शिकविली. येथे जातीप्रमाणे काम वाटलेले नव्हते. विणणे हे साळ्याचे व घाणा हा तेल्याचा, असे ज्या गावांत ठरलेले होते, त्याच गावांतून आलेल्या या मुली होत्या.

आमच्या मंडळ्यांत एक दुखणे आहे. जातीने लादलेले काम सुटले याचा आनंद योग्यच. परंतु त्याबरोबर हातकामाचाच तिटकारा आला. चार इयत्ता शिकलेल्या मुलास आम्ही लेखणीखेरीज काही धरू देत नाही, मुलीस तर तेही नाही. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरीत असे, हे वचन वाचणारे आम्ही उपदेशकच स्वतःच्या मुलास सुतारशाळेत घालताना कचरतो. जातीने माथी मारलेला धंदा आणि शिकून हाती घेतलेला धंदा यांत अंतर आहे. मुक्तीतील माग हा या दुसऱ्या प्रकारचा होता.

1912 साली बाईंनी व मनोरमेने गुलबर्ग्यास शाळा काढली. आमचा मराठवाडा व गुलबर्गा ही दोन्ही तेव्हा निजामाच्या राज्यात होती.

छापखान्याविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटे असते. देवनागरीची जोडाक्षरे व काना-मात्रा यांमुळे खिळ्यांचे खणही पुष्कळ. एकेक खिळा उचलून ओळ जुळवावी लागते. नजर व अक्षरज्ञान दोन्ही पक्की हवीत. दुष्काळातून अस्थिपंजर होऊन आलेल्या मुली हे काम शिकल्या. बाई ग्रीक व इब्री शिकून पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करीत होत्या, ते खेड्यातील बायकांना समजावे म्हणून. जुलै 1921 मध्ये मनोरमा वारली. 5 एप्रिल 1922 रोजी, काम पुरे होताच, बाईही गेल्या. 1924 साली ते संपूर्ण शास्त्र केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले.